पेम्फिगस: सुटणाऱ्या कातडीचा इतिहास

पेम्फिगस हा फोडांचा आजार आहे, पण त्याचे फोड भाजल्याने, किडा चावल्याने किंवा जंतूंमुळे येत नाहीत. शरीराची रोगप्रतिकारशक्ती कातडीतल्याच एखाद्या प्रथिनाला परके समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती रक्तातून कातडीपर्यंत पोचली की एकमेकींना घट्ट धरून असलेल्या पेशींची पकड सुटते. सुटलेल्या जागेत पाणी भरते, तोच फोड. याच जातीचे आणखीही काही आजार आहेत: बुलस पेम्फिगॉइड आणि त्याचे पोटप्रकार, डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, लिनियर आयजीए आजार, एपिडर्मोलायसिस बुलोसा अक्विझिटा. सगळे दुर्मीळ आहेत. केरळमधल्या त्रिशूर जिल्ह्यात झालेल्या पाहणीत पेम्फिगसचे नवे रुग्ण वर्षाला दहा लाख लोकांमागे 4.4 आढळले. नुसत्या डोळ्यांना हे आजार इतके सारखे दिसतात की दीडशे वर्षांहून अधिक काळ ते एकाच नावाखाली नोंदले जात होते. कातडी नेमकी कोणत्या थरात सुटते, या एका प्रश्नाचा माग काढत वैद्यक त्यांना वेगळे करू शकले.

फोडांच्या आजारांची नोंद जुनीच आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत फोड येणाऱ्या तापाचा उल्लेख आहे. चरकसंहितेत क्षुद्रकुष्ठांमध्ये ‘विस्फोट’ येतो आणि पातळ कातडीचे फोड हे त्याचे लक्षण सांगितले आहे. मात्र या वर्णनांवर आजच्या रोगाचे नाव चिकटवणे धाडसाचे ठरेल, कारण कांजिण्यांपासून भाजण्यापर्यंत कितीतरी गोष्टी त्यांत बसू शकतात. पेम्फिगस हे नाव रोगांच्या वर्गीकरणात रूढ झाले ते अठराव्या शतकात, फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या फ्रांस्वा बुआसिए द सोव्हाज यांच्यामुळे. वनस्पतींची कुळे लावावीत तशी त्यांनी रोगांची वर्गवारी केली आणि फोडांच्या तापाला त्यात जागा दिली. 1791 मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरचे वैद्य योहान अर्न्स्ट विखमन यांनी ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याला ताप नव्हता. होते ते महिनोन्‌महिने येत राहणारे फोड. आजच्या अर्थाने पेम्फिगस म्हणता येईल असे हे पहिले वर्णन मानले जाते.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी त्वचारोगांची मांडणी डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून केली: पुरळ, खवले, गाठी, पाणफोड. शिकवण्यासाठी ही मांडणी फार सोयीची होती. पण मोठा फोड दिसला की पेम्फिगस, असा शिरस्ताही तिच्यामुळेच पडला. उपदंश झालेल्या आईच्या बाळाचे फोड पेम्फिगस, जंतुसंसर्गाने नवजात बाळाला आलेले फोड पेम्फिगस, आणि म्हातारपणी अंगभर येणारे फोडही पेम्फिगसच. यातले काही रुग्ण दोन आठवड्यांत बरे होत आणि काही दोन वर्षांत मरत. एकाच नावाच्या आजाराचे शेवट इतके वेगवेगळे का, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते.

पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयात पिएर काझनाव्ह यांनी 1844 मध्ये एक प्रकार वेगळा काढला. त्यातले फोड इतके उथळ होते की ते टिकतच नसत. दिसत ते कातडीचे ओले पापुद्रे आणि खपल्या. पानांच्या थरांसारख्या या रूपावरून त्याला पेम्फिगस फोलिएशियस नाव मिळाले. व्हिएन्नात इसिडोर न्यूमन यांनी काखेत आणि जांघेत चामखिळीसारखी वाढ होणारा प्रकार नोंदवला, तो पेम्फिगस व्हेजिटन्स. तोंडापासून सुरू होऊन अंगभर पसरणारा नेहमीचा प्रकार पेम्फिगस व्हल्गॅरिस म्हणून ओळखला जाऊ लागला.

या काळातल्या रुग्णाची अवस्था समजून घ्यायची तर व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी सुरू केलेले अखंड जलस्नान पाहावे. अंगावरची साल ठिकठिकाणी निघालेली, उरलेली कातडी चादरीला चिकटून सुटणारी, त्यामुळे कुशीवर वळणेही नको होई. हेब्रांनी अशा रुग्णांना कोमट पाण्याच्या टबमध्ये ताणून बांधलेल्या कापडावर झोपवले. पाणी सतत बदलत राही आणि त्याचा उबदारपणा कायम ठेवला जाई. रुग्ण त्यातच जेवत, त्यातच झोपत, कधी कधी आठवडेच्या आठवडे. रोग यामुळे हटत नसे, पण वेदना कमी होत आणि जखमा चिघळत नसत. औषध म्हणावे असे काही हाताशी नसताना नुसत्या शुश्रूषेने किती करता येते, याचा हा नमुना आहे आणि तो आजही आदराने सांगावा असा आहे. इंग्लंडमध्ये जोनाथन हचिन्सन पेम्फिगसवर सोमल देण्याचा हिरिरीने पुरस्कार करत. ज्यांना त्याने गुण आला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना बहुधा दुसराच, सौम्य आजार असावा.

अशा सौम्य आजारांपैकी एक 1884 मध्ये फिलाडेल्फियाच्या लुई ड्युरिंग यांनी बाजूला काढला. कोपर, गुडघे, ढुंगण आणि पाठीवर पुंजक्यांनी येणाऱ्या बारीक फोडांची असह्य खाज हे त्याचे मुख्य लक्षण. त्यांनी त्याला डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हटले. हा आजार पेम्फिगस नव्हेच, हे म्हणणे मान्य व्हायला बराच काळ गेला आणि पॅरिसच्या लुई ब्रॉक यांच्यासारख्यांनी त्यावर वर्षानुवर्षे वाद घातले. वाद मिटत नव्हता, कारण दोन्ही बाजूंकडे पुरावा एकच होता, तो म्हणजे डोळ्यांना दिसणारा फोड.

डोळ्यांच्या पलीकडचा पहिला पुरावा बोटाने मिळाला. कीव्हचे प्योत्र निकोल्स्की यांनी 1896 मध्ये दाखवले की पेम्फिगस फोलिएशियसच्या रुग्णाची फोडाजवळची, वरवर धडधाकट दिसणारी कातडी अंगठ्याने दाबून सरकवली तर वरचा थर घसरून निघतो आणि खाली ओलसर लाल जागा उघडी पडते. म्हणजे फोड येण्याआधीच तिथली पकड ढिली झालेली असते. या चाचणीला ना यंत्र लागते, ना पैसा. आजही वॉर्डात राउंड घेताना डॉक्टर ती पहिल्यांदा करतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पेम्फिगसमध्ये बाह्यत्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटून गोलाकार होतात, हे हाइनरिख आउसपिट्स यांनी 1880च्या सुमारास पाहिले होते आणि त्या क्रियेला अकँथोलायसिस हे नावही दिले होते. पण निरीक्षण नोंदले गेले आणि मागे पडले. पॅरिसच्या आशिल सिव्हात यांनी 1943 मध्ये ते पुन्हा पुढे आणले आणि ठामपणे सांगितले की हे लक्षण खऱ्या पेम्फिगसमध्ये असते, ड्युरिंगच्या आजारात नसते. 1947 मध्ये अर्नो झांक यांनी याच सुट्या पेशी शोधण्याची सोपी रीत दिली: ताजा फोड फोडायचा, तळ अलगद खरवडायचा, काचपट्टीवर पसरून रंगवायचा आणि बघायचे. अर्ध्या तासात अंदाज येतो. जिथे बायोप्सीची सोय नाही, अशा ठिकाणी झांक स्मिअर अजूनही उपयोगी पडतो.

निर्णायक विभागणी 1953 मध्ये झाली. जर्मनीत जन्मलेले आणि बोस्टनमध्ये काम करणारे वॉल्टर लिव्हर यांनी पेम्फिगस म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या कातडीचे छेद पुन्हा तपासले आणि त्यांचे दोन ढीग केले. एका ढिगात कातडी बाह्यत्वचेच्या आत, पेशी-पेशींमध्ये सुटलेली होती. फोड सैल, पटकन फुटणारे. दुसऱ्या ढिगात बाह्यत्वचा अखंड होती आणि ती सगळीच्या सगळी खालच्या अंतस्त्वचेपासून उचलली गेली होती. त्या फोडांचे छत जाड, म्हणून ते टपोरे, ताठ आणि कित्येक दिवस न फुटणारे. दुसऱ्या गटातले रुग्ण बहुतेक वृद्ध होते आणि त्यांच्यातले बरेच जण जगत. या आजाराला लिव्हर यांनी बुलस पेम्फिगॉइड म्हटले. विलनच्या काळापासून न सुटलेले कोडे इथे मोठ्या प्रमाणात सुटले. रोगाचे भवितव्य फोडाच्या आकारावर ठरत नव्हते, कातडी किती खोल सुटली यावर ठरत होते. वरवर पाहता खोल सुटलेली कातडी अधिक घातक वाटावी. प्रत्यक्षात उलटे होते, कारण उथळ फोड फुटून अंग उघडे पडते, त्यातून पाणी आणि प्रथिने झिरपतात आणि जंतूंना वाट मिळते.

त्याच सुमारास उपचारही बदलले. 1949 मध्ये संधिवातावर कॉर्टिसोनचा गुण दिसला आणि लवकरच ते पेम्फिगसच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले. तोपर्यंत पेम्फिगस व्हल्गॅरिसचे निम्मे रुग्ण दोन वर्षांत आणि जवळजवळ सगळे पाच वर्षांत दगावत. स्टिरॉइडमुळे ते जगू लागले. किंमत मात्र जबर होती. लिव्हर स्वतः सुरुवातीला फार मोठे डोस देण्याच्या मताचे होते, आणि त्या काळात अनेक रुग्ण पेम्फिगसने न मरता जंतुसंसर्ग, जठरातला रक्तस्राव, मधुमेह अशा स्टिरॉइडच्या परिणामांनी मेले. मूळ औषधाचा डोस कमी करता यावा म्हणून पुढे अझाथायोप्रिन, सायक्लोफॉस्फामाइड अशी औषधे जोडीला आली.

आजाराचे कारण मात्र अजून अंधारातच होते. विषाणू, जंतू, क्षारांचा बिघाड असे सगळे तर्क होऊन गेले होते. उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत मिळाले. तिथल्या विद्यापीठात नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी 1956 मध्ये थायरॉइड ग्रंथीवर शरीराचीच प्रतिपिंडे हल्ला करू शकतात हे दाखवले होते, आणि शरीर स्वतःच्या विरोधात जाणार नाही ही तोवर रूढ असलेली समजूत मोडली होती. विटेब्स्कींच्याच विभागातले अर्न्स्ट ब्यूटनर आणि त्यांचे तरुण सहकारी रॉबर्ट जॉर्डन यांनी 1964 मध्ये पेम्फिगसच्या रुग्णांचे रक्तद्रव कातडीच्या छेदावर घातले, त्यावर चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडे सोडली आणि अतिनील प्रकाशात पाहिले. प्रत्येक पेशीची कड हिरवी चमकत होती. सगळा छेद मासे पकडायच्या जाळ्यासारखा दिसत होता. रुग्णाच्या रक्तातले काहीतरी नेमके पेशींच्या जोडांवर जाऊन बसत होते. तीन वर्षांनी त्याच गटाने बुलस पेम्फिगॉइडमध्ये वेगळे चित्र दाखवले: बाह्यत्वचेच्या तळाशी एकच सरळ, अखंड हिरवी रेघ. लिव्हर यांनी छेदावरून केलेली विभागणी प्रतिपिंडांनीही उचलून धरली.

प्रतिपिंड दिसले म्हणजे तेच दोषी आहे असे सिद्ध होत नाही. जखमेनंतरही प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. ही शंका ग्रँट अनहॉल्ट आणि लुइस डियाझ यांच्या गटाने 1982 मध्ये दूर केली. रुग्णांच्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचली, तेव्हा एक ते तीन दिवसांत त्यांच्या कातडीवर फोड आले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेच पेशींचे सुटणे दिसले. माणसांत हाच प्रयोग निसर्ग स्वतः करत होता. पेम्फिगस व्हल्गॅरिस असलेल्या आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि काही बाळे फोड घेऊनच जन्मतात. आईची प्रतिपिंडे काही आठवड्यांत संपतात आणि बाळ बरे होते, पुन्हा फोड येत नाहीत.

या प्रतिपिंडांचे लक्ष्य कोणते, हे 1991 मध्ये मासायुकी अमागाई आणि जॉन स्टॅन्ली यांनी अमेरिकेत दाखवून दिले. पेशींच्या आवरणावर डेस्मोसोम नावाचे जोड असतात, कपड्याच्या टिचबटणांसारखे दोन बाजूंनी एकमेकांत बसणारे. त्यातले डेस्मोग्लीन 3 हे प्रथिन पेम्फिगस व्हल्गॅरिसचे लक्ष्य निघाले, तर फोलिएशियसमध्ये डेस्मोग्लीन 1. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. तोंडाच्या आतल्या अस्तरात डेस्मोग्लीन 3 भरपूर असते. कातडीच्या वरच्या थरांत डेस्मोग्लीन 1 चा जोर असतो. एवढ्या एका गोष्टीने दीडशे वर्षांच्या निरीक्षणांचा अर्थ लागला. फोलिएशियसमध्ये फोड इतके उथळ का आणि तोंडात ते का येत नाहीत, व्हल्गॅरिस तोंडापासूनच का सुरू होतो, हे त्यातून कळते.

या शेवटच्या मुद्द्याला भारतात फार व्यावहारिक महत्त्व आहे. रुग्णाला आधी महिनोन्‌महिने नुसते तोंड येते. गालाच्या आत, टाळ्यावर, हिरडीवर सोललेल्या जागा असतात, तिखट लागत नाही, भाकरी गिळवत नाही. पोटात उष्णता झाली म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, तुपाचे बोट, दातांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या होतात, आणि अंगावर पहिला फोड उठेपर्यंत खरे निदान होत नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या तोंडातल्या जखमांची बायोप्सी व्हायलाच हवी.

टोकियोला परतल्यावर अमागाई यांनी 2000 मध्ये आणखी एक जुना गुंता सोडवला. नवजात बाळांच्या जंतुजन्य फोडांना पूर्वी पेम्फिगसच म्हणत. त्या फोडांना कारण असलेले स्टॅफिलोकॉकस जंतूचे विष डेस्मोग्लीन 1 लाच कापते, हे त्यांनी दाखवले. प्रतिपिंड आणि जंतू, दोघांचाही हल्ला एकाच टिचबटणावर होत होता. जुन्या वैद्यांना ते आजार सारखे वाटले, यात त्यांच्या डोळ्यांचा दोष नव्हता.

बाह्यत्वचेच्या तळाशी सुटणाऱ्या आजारांची यादी एव्हाना लांबली होती. बुलस पेम्फिगॉइडमध्ये बीपी180 आणि बीपी230 ही प्रथिने लक्ष्य ठरतात. लंडनच्या मिल्टन यांनी 1872 मध्ये नोंदलेला, बेंबीभोवती सुरू होणारा गरोदर स्त्रियांचा फोडांचा आजारही बीपी180 विरुद्धच्या प्रतिपिंडांचा निघाला. त्याच्या जुन्या नावात हर्पिस हा शब्द असला तरी हर्पिसच्या विषाणूशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून आता त्याला गरोदरपणातला पेम्फिगॉइड म्हणतात. श्लेष्मल त्वचेचा पेम्फिगॉइड डोळ्यांत व्रण पाडून पापणी बुबुळाला चिकटवतो आणि दृष्टी घेऊ शकतो. एपिडर्मोलायसिस बुलोसा अक्विझिटामध्ये लक्ष्य असते ते कातडीला खाली रोवून धरणारे सातव्या प्रकारचे कोलॅजेन. बोटांचे सांधे, कोपर, गुडघे अशा घर्षणाच्या जागी फोड येतात आणि व्रण राहतात. लिनियर आयजीए आजार वॉर्सामध्ये ताद्यूश खोझेल्स्की आणि स्तेफानिया याब्वोन्स्का यांनी 1979 मध्ये वेगळा ओळखला. आणि 1990 मध्ये अनहॉल्ट यांनी पाच रुग्णांवरून पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगस मांडला, ज्यात शरीरातली गाठ किंवा रक्ताचा कर्करोग या फोडांच्या मुळाशी असतो.

ड्युरिंगच्या आजाराची वाट निराळीच निघाली. आपल्याकडे कुष्ठरोगाच्या कामामुळे माहीत असलेली डॅप्सोनची गोळी त्याची खाज दोन-तीन दिवसांत थांबवते, हे 1950च्या सुमारास कळले. 1966 मध्ये न्यूकॅसलच्या मार्क्स, शुस्टर आणि वॉटसन यांना या रुग्णांच्या लहान आतड्यात गव्हातल्या ग्लुटेनने होणाऱ्या सीलिअॅक आजारासारखे बदल आढळले. गहू बंद केला की आतडेही सुधारते आणि यथावकाश कातडीही.

ब्राझीलमध्ये पेम्फिगस फोलिएशियस साथीसारखा पसरला, आणि तो अध्याय या इतिहासातला सर्वांत दुःखद आहे. विसाव्या शतकात साओ पाउलोच्या अंतर्भागात जंगले तोडून नव्या जमिनी लागवडीखाली आल्या, तशी नदीनाल्यांकाठी राहणाऱ्या गरीब शेतमजुरांमध्ये, बहुतांशी तरुणांमध्ये, हा आजार दिसू लागला. उन्हात अंगाची आग आग होई, म्हणून लोकांनी त्याला फोगो सेल्व्हाजेम, म्हणजे रानवणवा, असे नाव दिले. एकाच घरातले दोघे-तिघे आजारी पडत. लोक संसर्गाला भिऊन रुग्णांना दूर ठेवत, आणि केवळ याच आजारासाठी रुग्णालये उभारावी लागली. उबेराबा गावात 1957 मध्ये अशा रुग्णांना रुग्णालयातून घरी पाठवले गेले, तेव्हा अपारेसिदा कॉन्सेइसाओ फरेरा या परिचारिकेने त्यांना स्वतःच्या घरी आणले आणि त्यातून तिथले पेम्फिगस रुग्णालय उभे राहिले. तेरेना आदिवासींच्या लिमाओ व्हेर्दे वस्तीत सुमारे 3 टक्के लोकांना हा आजार आढळला. तिथल्या निम्म्याहून अधिक निरोगी माणसांच्या रक्तातही डेस्मोग्लीन 1 विरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. काळ्या माश्या आणि वालुमाश्यांच्या चाव्याशी संबंध जुळवणारा पुरावा भक्कम होत गेला: वालुमाशीच्या लाळेतल्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे डेस्मोग्लीन 1 लाही चिकटतात. गावे शहरे झाली, घरे पक्की झाली, तशी तिथली रुग्णसंख्या घटली.

पश्चिम युरोपात या गटात बुलस पेम्फिगॉइड सर्वाधिक दिसतो. भारतात पेम्फिगस व्हल्गॅरिस, आणि तोही कमावत्या वयातल्या माणसांना. मोठ्या डोसाची स्टिरॉइड रोज घेत राहणे त्यांना झेपणारे नव्हते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जे. एस. पसरिचा यांनी 1980च्या दशकात वेगळा मार्ग काढला. डेक्सामेथासोन 100 मिलिग्रॅम सलाइनमधून सलग तीन दिवस, दुसऱ्या दिवशी त्यासोबत सायक्लोफॉस्फामाइड 500 मिलिग्रॅम, आणि हे दर 28 दिवसांनी. मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची 50 मिलिग्रॅमची गोळी रोज. फोड थांबल्यानंतरही हे चक्र नऊ महिने, मग नऊ महिने नुसती गोळी. डीसीपी पल्स या नावाने ही पद्धत देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रुजली. औषधे स्वस्त होती आणि रुग्ण महिन्यातले तीन दिवस देऊन कामावर जाऊ शकत होता. मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचे पाठबळ तिला फारसे मिळाले नाही, आणि सायक्लोफॉस्फामाइडने तरुण रुग्णांची प्रजननक्षमता धोक्यात येते हा तिचा गंभीर दोष आहे. तरीही गरीब देशाच्या गरजेतून निघालेल्या या पद्धतीने असंख्य रुग्ण जगवले. शुश्रूषेतही भारतीय वॉर्डांनी स्वतःचा उपाय शोधला: सोललेले अंग चादरीला चिकटू नये म्हणून निर्जंतुक केलेली केळीची पाने. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर केळीच्या पानाच्या पट्टीचा पद्धतशीर अभ्यास मुंबईच्या सायन रुग्णालयात झाला आहे.

रक्ताच्या कर्करोगासाठी 1997 मध्ये आलेले रिटक्सिमॅब प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींच्या वंशावरच घाव घालते. फ्रान्समध्ये 90 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. सुरुवातीलाच रिटक्सिमॅब आणि थोडे दिवस स्टिरॉइड दिलेल्यांपैकी 89 टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधांशिवाय फोडमुक्त होते, नुसत्या स्टिरॉइडवरच्यांपैकी 34 टक्के. 2018 मध्ये अमेरिकेत पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी त्याला मान्यता मिळाली. भारतात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने 2007 मध्येच त्याची स्वस्त आवृत्ती आणल्याने इथले त्वचारोगतज्ज्ञ ते बरेच आधीपासून वापरू शकले, आणि डीसीपी पल्सची जागा हळूहळू त्याने घेतली.

बुलस पेम्फिगॉइडच्या बाबतीत गेल्या दशकात एक नवे कारण पुढे आले आहे. मधुमेहावरच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या, त्यातही व्हिल्डाग्लिप्टिन, घेणाऱ्या वृद्धांमध्ये तो अधिक आढळतो. 2019च्या अखेरीस पेटंट संपल्यावर भारतात ही गोळी फार स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. त्यामुळे अंगाला खाज सुटून टपोरे फोड आलेल्या मधुमेही आजोबा-आजींच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांनी आधी तपासायला हवी; गोळी बदलल्यावर अनेकांचा आजार आटोक्यात येतो.

रिटक्सिमॅब सगळ्याच बी पेशी मारते, म्हणून जंतुसंसर्गाची भीती उरते आणि आजार काही वर्षांनी उलटूही शकतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, म्हणजे ड्युरिंग जिथे शिकवत तिथेच, एमी पेन यांच्या गटाने 2016 मध्ये रुग्णाच्या टी पेशींवर डेस्मोग्लीन 3 चा तुकडा बसवला. त्याला धरायला आलेल्या बी पेशीच तेवढ्या या टी पेशी मारतात, बाकीच्यांना हात लावत नाहीत. उंदरांमध्ये हे साधल्यावर माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या.